वाळवीपालन

वाळवीपालन म्हणजे वाळवीची जिवंत वसाहत निरीक्षणासाठी किंवा छंद म्हणून बंदिस्त पात्रात सांभाळणे होय. मुंग्या पाळण्याच्या मानाने हा छंद फारच थोड्यांपुरता मर्यादित आहे. वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणत असले, तरी तिचे खरे नाते झुरळांशी आहे आणि आधुनिक वर्गीकरणात तिचा समावेश झुरळांच्याच गणात होतो. मुंगीची राणी एकदा झालेल्या मीलनानंतर एकटीने वसाहत वसवू शकते. वाळवीचा राजा मात्र राणीसोबत आयुष्यभर राहतो, त्यामुळे वसाहतीसाठी नर-मादीची जोडीच लागते. थव्याने उडालेल्या पंखधारी वाळवीचे पंख गळाल्यावर नर मादीच्या मागोमाग चालू लागतो. अशी जोडी उचलून ओलसर लाकडात ठेवतात.

प्रजाती

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील झूटर्मोप्सिस ही ओल्या, कुजक्या लाकडात राहणारी वाळवी पाळण्यास सर्वांत सोपी मानली जाते. तिला मातीशी संपर्क लागत नाही. घर आणि अन्न दोन्ही एकाच ओंडक्यात असते. तिच्यात खरा कामकरी वर्ग नसतो, वाढत्या वयाची पिल्लेच ती कामे करतात. 2014 साली जनुकसंच प्रसिद्ध झालेली पहिली वाळवी याच प्रजातीगटातील होती.

महाराष्ट्रात वारुळे बांधणारी ओडोन्टोटर्मिस पाळणे मात्र अतिशय अवघड आहे. ही वाळवी वारुळात टर्मिटोमायसिस या बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी खाद्य अळंबी ही याच बुरशीची असते. या गटातील बहुतेक प्रजातींत नव्या वसाहतीला बुरशीचे बीजाणू बाहेरून मिळवावे लागतात. बंद डब्यात ते मिळत नसल्याने पहिली पिल्ले वाढूनही वसाहत टिकत नाही.

आहार व निगा

लाकडातील सेल्युलोज पचवण्यासाठी झूटर्मोप्सिसच्या आतड्यात एकपेशीय सहजीवी असतात. एल. आर. क्लीव्हलँड यांनी 1920 च्या दशकात हे सहजीवी नष्ट करून दाखवले, की वाळवी लाकूड खात राहते, तरीही उपाशी मरते. प्रत्येक कातीनंतर हे सहजीवी नाहीसे होतात व सोबत्यांच्या गुदद्रवातून पुन्हा मिळवावे लागतात. म्हणून सुटी वाळवी फार काळ जगत नाही.

पात्रात कुजके लाकूड, भुसा व ओला गाळणकागद ठेवतात. ओल कमी पडल्यास वाळवी सुकून मरते, जास्त झाल्यास बुरशी व कोळीकण माजतात. पहिल्या वर्षी मोजकीच पिल्ले होतात, आणि डबा वारंवार उघडून पाहण्याची उत्सुकताच अनेकदा वसाहतीच्या मुळावर येते.

धोके व निर्बंध

राजा-राणी मेले, तर झूटर्मोप्सिसची काही पिल्ले स्वतःच प्रजननक्षम होतात. पाळणाऱ्याला ही सोय वाटते, परंतु त्यामुळेच डब्यातून निसटलेली किंवा लाकडासोबत फेकलेली मूठभर पिल्लेही बाहेर नवी वसाहत करू शकतात. दक्षिण अमेरिकेतील क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस ही सुक्या लाकडातील वाळवी जहाजे व फर्निचरमधून जगभर पसरली, तर झूटर्मोप्सिसही जपानमध्ये पोहोचली आहे. अमेरिकेत वाळवी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कृषी विभागाचा परवाना लागतो. नको असलेली वसाहत बाहेर सोडून न देता गोठवून नष्ट करतात.