विद्यानगरची ‘चपटी’

सत्तर-ऐंशीच्या दशकात विद्यानगर, अडिकमेट, नल्लकुंटा भागात वाढलेल्यांना आमची ‘चपटी’ नक्की आठवत असेल. निळी, नाक नसलेली, मागे हौदा असलेली महिंद्राची पिकअप. कुणाचं घर बदलायचं असो, गणपती हुसेनसागरला न्यायचा असो, नाहीतर विवेकवर्धिनीत नाटक असल्यावर पडदे आणि पेट्या पोचवायच्या असोत, "नानांकडे गाडी मागा" हे ठरलेलं होतं. नाना म्हणजे माझे आजोबा. डिझेल-पेट्रोलचे पैसे त्यांनी कधी कुणाकडे मागितले नाहीत, आणि आजी त्यावरून रोज बोलायची.

ही गाडी १९९६ मध्ये बंद पडली आणि पंचवीस वर्षं अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी होती. गेली दोन वर्षं ती पुन्हा रस्त्यावर आहे. मी तिच्यातून भाजी आणते, नातवाला शाळेत सोडते. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी थोडा इतिहास. नाना नांदेड जिल्ह्यातले. चाळीसच्या दशकात उस्मानियात शिकायला आले, तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच निजामी राज्यात होते. म्हणजे त्यांनी गाव सोडलं, राज्य सोडलं नव्हतं. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्र प्रदेशात. नाना म्हणायचे, "मी जागचा हललो नाही, गावच परराज्यात गेलं." आपल्यापैकी किती घरांची हीच कथा असेल!

घटकेसरच्या बाजूला त्यांनी थोडी जमीन घेऊन द्राक्षं लावली. अनाब-ए-शाही, आपल्या हैदराबादची ती लांबट, हिरवट-पिवळी द्राक्षं. ती मोअज्जमजाही मार्केटला पहाटे पोचवायची म्हणून १९७२ मध्ये त्यांनी ही जुनी पिकअप विकत घेतली.

गाडीचं खरं नाव एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५० च्या दशकात ती काढली, रूप दिलं ब्रूक्स स्टीव्हन्स या नामवंत डिझायनरने. चालकाला इंजिनाच्या मागे न बसवता वरच बसवलं, त्यामुळे पुढचं नाक गेलं. सव्वाबारा फूट लांबीच्या गाडीत सहा फुटांचा हौदा मावला. तिकडे १९६५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि इकडे महिंद्राने ती बनवायला घेतली.

आता गंमत बघा. महिंद्रा कंपनी २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत सुरू झाली, तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. हे गुलाम मोहम्मद त्याआधी आपल्या हैदराबादेत निजाम सरकारचे अर्थमंत्री होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. नानांना हे सगळं पाठ होतं. पाहुणा गाडीत बसला की ते ही गोष्ट सांगायचेच, आणि शेवटी स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "हिचंही घर विभागलेलं आहे."

मी गाडी शिकले ती याच चपटीवर, उस्मानियाच्या आतल्या रस्त्यांवर. १९७९ साली. मुलीने पिकअप चालवावी हे आईला पटत नव्हतं. नाना शेजारी बसून एकच शब्द म्हणायचे, "सावकाश." मागच्या फाळक्यावरही त्यांनी तेच रंगवून घेतलं होतं, तीन लिप्यांमध्ये: मराठीत ‘सावकाश’, तेलुगूत ‘नेम्मदिगा’, उर्दूत ‘आहिस्ता’.

नाना गेले, द्राक्षांची बाग गेली, तिथे प्लॉट पडले. बाबांनी गाडी काही वर्षं चालवली, मग इंजिन जाम झालं. विकायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही, अशी ती राहिली. हौद्यात आईने तुळस आणि कोथिंबीर लावली.

२०२१ मध्ये आम्ही घर बिल्डरला द्यायचं ठरवलं. विद्यानगरातली आमच्या वेळची बैठी घरं आता मोजायलाही उरली नाहीत. करारात फ्लॅटमागे पार्किंगची एकच जागा. न चालणारी गाडी तिथे ठेवायची नाही, ही इतर फ्लॅटवाल्यांची अट, आणि ती चुकीची नव्हती. अमेरिकेतून दादाचा फोन आला. त्याला एक रिसॉर्टवाला भेटला होता. तो गाडी रंगवून दारात उभी करणार आणि हौद्यात फुलझाडं लावणार होता. "अगं, निदान नीट राहील तरी," दादा म्हणाला. मी म्हटलं, तुळशी तर आपणही लावल्यात. दोघं महिनाभर नीट बोललो नाही.

मी हट्टाने गाडी एका गॅरेजला दिली आणि फसले. सात महिन्यांनी ती चकाचक निळी होऊन आली. पहिल्या पावसात रंगाला फोड आले. नखाने खरवडलं तर खाली लांबीचा जाड थर आणि त्याखाली चाळणी झालेला पत्रा. गंज न काढता त्यावर लांबी भरून रंग मारला होता. सगळ्यात वाईट म्हणजे फाळका घासून साफ केला होता. तीनही शब्द गेले. त्या रात्री मला वाटलं, दादाचं ऐकायला हवं होतं.

मग मुशीराबादच्या बाजूचे एक चाचा भेटले. आयुष्यभर सरकारी जीपगाड्यांवर काम केलेले. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन चासीवर हातोडी वाजवत नेली. खणखणीत आवाज आला तिथे पुढे, बद्द आला तिथे खडूची खूण. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, दिखाने कू बनाना है की चलाने कू?"

"चलाने कू," मी म्हटलं.

"तो फिर रंग की बात नक्को करो अभी."

चासी शाबूत होती, खुणा दोनच. केबिनचा तळ, पायऱ्या आणि हौद्याचे कोपरे कापून नवा पत्रा वेल्ड केला, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड. इंजिनाच्या चारही सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल ओतून दहा दिवस ठेवलं, रोज थोडं हँडल फिरवून बघायचं. अकराव्या दिवशी ते जरासं हललं तेव्हा चाचांनी मला फोन केला, काही न बोलता आवाज ऐकवला. पुढे बोरिंग, नवे पिस्टन, नव्या रिंगा. हे ‘हरिकेन’ इंजिन, २.२ लिटरचं, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. महिंद्राच्या जुन्या जीपमध्येही तेच असल्यामुळे सामान अजून मिळतं. काही राणीगंजला मिळालं, काही हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवलं. तिथे जुन्या जीपगाड्यांचा मोठा धंदा चालतो.

रोज चालवायची म्हणून काही गोष्टी मुद्दाम बदलल्या. मूळ ब्रेक एकाच लाइनवर होते, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तिथे दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर बसवला. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. सीटबेल्ट लावले. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात जुनं रबर टिकत नाही, म्हणून सगळे पाइप आणि पंपाचा पडदा नवा.

यावर एका जाणकार गृहस्थांनी नाक मुरडलं: "ओरिजिनॅलिटी गेली, आता विंटेज नंबर मिळायचा नाही." तो नियम मी वाचला होता. जुलै २०२१ पासून, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. पण त्या नंबरची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. म्हणजे रिसॉर्टच्या दारात उभी करण्यासारखंच झालं. मी साधं नूतनीकरण केलं. तपासणी, तेव्हाची पाच हजार फी, वर दंड, आणि पाच वर्षांनी पुन्हा नूतनीकरण.

त्यासाठी गाडी माझ्या नावावर व्हायला हवी होती आणि वारस म्हणून दादाची संमती लागत होती. मी कागद पाठवले. तीन आठवडे उत्तर नाही. मग एक दिवस कुरिअर आलं. सह्या केलेले कागद आणि एक चिठ्ठी: "पहिला गियर टाकताना अजून खडखडते का?"

खडखडते. ताशी पन्नासच्या वर ती जात नाही. लिटरला सात किलोमीटर. पुढे वजन आणि मागे हलकी असल्याने पावसात ब्रेक जपून लावावा लागतो, हौद्यात वाळूची दोन पोती ठेवली आहेत. इंजिन दोन सीटांच्या मधे, त्यामुळे मे महिन्यात पाय भाजतात. पार्किंगमध्ये मात्र ती शेजारच्या सेडानपेक्षा कमी जागा घेते. मागच्या गणपतीत सोसायटीची मूर्ती तिच्यातूनच गेली. दादा आला होता. स्टेशनच्या पुलापर्यंत त्याने चालवली आणि पुढे काही न बोलता किल्ली माझ्या हातात दिली.

फक्त फाळका अजून कोरा आहे. तीन शब्द ठाऊक आहेत, पण कोणता कुठे होता, अक्षर कसं होतं, हे आम्हा दोघांना वेगवेगळं आठवतं. दादा म्हणतो उर्दू सगळ्यात वर, मी म्हणते मराठी. नानांनी ते नल्लकुंट्याच्या एका पेंटरकडून करून घेतलं होतं, तोही आता नाही.

म्हणून ही विनंती. ही गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात येऊन गेली आहे. लग्न, गणपती, घरबदल यांचे जुने अल्बम एकदा उघडून बघा. मागून काढलेल्या एखाद्या फोटोत ती असेल, तर इथे टाका. पेंटर शोधून ठेवला आहे.