दंडीच्या कादंबरीतला विदर्भ

शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा मागं वळून पाहण्याची आहे. एलिचपूरच्या श्रीपाल राजाला बजावलेलं असतं, मूर्ती गाडीतून ने, पण मागं पाहू नकोस. त्याला राहवत नाही, तो पाहतो आणि मूर्ती इथंच अधांतरी राहते. तुमच्यावर तसं काही बंधन नाही. दर्शन घेऊन बाहेर या, वाशीमच्या दिशेनं तोंड करा आणि खुशाल मागं पाहा, चांगली पंधराशे वर्षं.

आधी शिवारातलं सोयाबीन जातं. मागोमाग मिरची, बटाटा, भुईमूग. ही सगळी मंडळी अजून समुद्रापलीकडं आहेत. ज्वारी, तूर, तीळ, कपाशी मात्र ओळखीची. डांबर उडून चाकोरी उरते, आणि काळी माती आजच्यासारखीच पायाला लगडते. त्या चाकोरीनं चालत तुम्ही वत्सगुल्मात पोचता. हेच आजचं वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. एका पडवीत कारागीर तांब्याच्या पत्र्यावर दानपत्र कोरत बसलाय. जरा वाकून पाहा. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तो आधी इवलीशी चौकोनी पेटी काढतो, मग खालचं वळण उतरवतो. 1939 मध्ये वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट याच गावाहून दिलेला होता. आता राज्य हरिषेणाचं आहे. त्याचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतोय.

पुढची पावलं मात्र कादंबरीत पडतात. अजून दोनेक शतकांनी दंडी नावाचा लेखक ‘दशकुमारचरित’ लिहील. दहा तरुण एकमेकांपासून दुरावतात, देशोदेशी भटकतात आणि परत भेटल्यावर आपापली हकिगत सांगतात. त्यात चोर आहेत, जुगारी आहेत, राक्षस आहेत. राजवाहन त्यांचा पुढारी. मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीनं चावल्यानं दुखताहेत, म्हणून तो पठ्ठ्या प, फ, ब, भ, म ही अक्षरं टाळून सगळी गोष्ट सांगतो. शेवटी बोलतो विश्रुत, आणि त्याची गोष्ट थेट विदर्भाची. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी त्या गोष्टीत वाकाटकांच्या अखेरीची छाया ओळखली. त्यांच्या मते कादंबरीतला पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि त्याचा मुलगा अनंतवर्मा म्हणजे हरिषेणाचा वारस.

पुण्यवर्मा गेलाय. दरबारात शिरा आणि खांबाच्या आडोशाला उभे राहा. म्हातारा मंत्री वसुरक्षित तरुण राजाला समजावतोय: बुद्धी आहे, कला आहेत, पण दंडनीतीकडं, म्हणजे राज्यकारभाराच्या शास्त्राकडं, दुर्लक्ष करू नका. राजा मान डोलावतो आणि अंतःपुरात निघून जातो. तिथं विहारभद्र वाट पाहत असतो. गाण्यात, नाचात, थट्टेत आणि चहाडीत सारखाच तरबेज. तो शास्त्राची टर उडवू लागतो. दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ भाग, सगळे कामाला जुंपलेले. सकाळी पोटात घास जायच्या आधी जमाखर्च ऐका. मग प्रजेच्या भांडणांनी कान किटवून घ्या. जेवलात तर अन्न जिरेपर्यंत विषाची धास्ती. रात्री झोपेला दोन भाग दिलेत खरे, पण काळजीनं पोखरलेल्याला झोप लागते कुठं? पहाटे पुरोहित हजर: वाईट स्वप्न पडलं, शांत करा, दक्षिणा काढा. आणि हे शास्त्र शिकवणारे मंत्री तरी स्वतः कुठं त्याप्रमाणं वागतात?

तुम्हालाही हसू येतं. इथंच दंडीची कमाल आहे. विहारभद्राच्या बोलण्यात निम्मं खरं असतं, आणि राजाला तेवढं पुरतं.

शेजारच्या अश्मकाच्या राजाला, वसंतभानूला, हे कळायला वेळ लागत नाही. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, बापानं हाकलून दिल्याचं सोंग घेऊन, गाणारे-बजावणारे बरोबर घेऊन दरबारात येतो. शिकारीसारखा व्यायाम नाही म्हणतो. जुगारानं मन उदार होतं म्हणतो, कारण ढीगभर पैसा क्षणात सोडता येतो. राजा करतो तेच प्रजा करू लागते. मग अश्मकाची माणसं कामाला लागतात. शिकाऱ्यांना गवतानं भरलेल्या दरीत नेऊन तोंडाशी आग लावायची. तहानेल्याला विहिरीच्या आशेनं दूर रानात न्यायचं. एखाद्याच्या पायात काटा मोडला की काढून द्यायला बसायचं, विष लावलेल्या सुरीनं. विदर्भाचं सैन्य लढाईआधीच पोखरलं जातं. वनवासीचा राजा चालून येतो. नर्मदेकाठी कुंतल, कोकण, नाशिकचे मांडलिक जमतात, फितुरी होते आणि अनंतवर्मा मारला जातो. वसंतभानू मग मांडलिकांनाही आपसांत झुंजवतो आणि सगळं गिळतो.

आता विंध्याच्या रानात या. एका विहिरीपाशी आठेक वर्षांचं पोर भुकेनं कासावीस होऊन रडतंय. पाणी काढताना त्याचा म्हातारा सोबती आत पडलाय. विश्रुत वेलीच्या आधारानं म्हाताऱ्याला वर घेतो, बांबूच्या नळीनं पाणी काढतो आणि उंच लकुचाच्या, म्हणजे फणसाच्या भाऊबंदाच्या, शेंड्यावरून दगड मारून पाच-सहा फळं पाडतो. पोर म्हणजे राजपुत्र भास्करवर्मा. त्याची आई वसुंधरा आणि बहीण मंजुवादिनी माहिष्मतीला चुलता मित्रवर्म्याच्या ताब्यात आहेत, आणि त्याला हे पोर मेलेलं हवंय.

विश्रुताकडं सैन्य नाही. चार बोटांवर मोजता येतील एवढी माणसं आणि लोक कशावर विश्वास ठेवतात याची पक्की जाण, एवढंच भांडवल. राजपुत्राला वाघानं खाल्लं अशी हूल उठते. राणी बचनागाच्या पाण्यात भिजवलेल्या माळेनं मित्रवर्म्याला मारते: मी पतिव्रता असेन तर ही माळ तलवार होवो! तो कोसळतो. तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात धुऊन मुलीच्या गळ्यात घातली जाते. तिला काही होत नाही, आणि गाव हात जोडतं. मंजुवादिनीवर डोळा ठेवून आलेल्या प्रचंडवर्म्यासमोर विश्रुत नटाच्या वेषात सुऱ्यांचे खेळ करतो, वीस धनुष्यं अंतरावरून सुरी फेकून त्याला संपवतो आणि वसंतभानूचा जयजयकार करत पसार होतो. आळ आपोआप अश्मकावर. शेवटी रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठच्या देवळात, देवीच्या मूर्तीखाली लपलेला विश्रुत राजपुत्राला घेऊन गर्दीसमोर प्रकट होतो: देवीनंच वाघीण होऊन मुलाला सांभाळलं! गर्दीत तुम्हीही उभे आहात. मूर्तीखालची पोकळी ठाऊक असूनही अंगावर काटा येतो.

तेव्हा अद्भुत गोष्टीचा नायक म्हणून विश्रुत वाचावा, पण विदर्भाच्या वाचकानं ओळखून ठेवावा तो विहारभद्र. विश्रुताच्या सगळ्या युक्त्या विहारभद्राच्या एका बैठकीची भरपाई करण्यात खर्ची पडतात, आणि तरी पुरत नाहीत. भास्करवर्मा गादीवर बसतो, अश्मकावर चालून जायचं घाटतं आणि दंडीची संहिता तिथंच तुटते. विदर्भ परत जिंकण्याचा शेवट पुढं दुसऱ्या कुणी जोडला. वत्सगुल्मातही तसंच आहे. हरिषेणानंतरच्या एकाही राजाचा ताम्रपट आजवर तिथं सापडलेला नाही.