बंदुकीचे स्क्रू, जुन्या

चकमकीच्या व टोपीच्या ठासणीच्या बंदुकांमध्ये चापयंत्रणा, नळी व दस्ता एकत्र धरून ठेवणारे खाचेच्या माथ्याचे स्क्रू. नळीवरील जडावकामाची किंवा दस्त्यावरील कोरीव कामाची वर्णने पुष्कळ आढळतात. स्क्रूकडे सहसा कोणी पाहत नाही. तथापि एखादी जुनी बंदूक किती वेळा व कशा हातांनी उघडली गेली, याचा पहिला पुरावा बहुधा स्क्रूच्या माथ्यावरच मिळतो.

यूरोपात धातूचे छोटे स्क्रू पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व सोळाव्या शतकात प्रथम दिसू लागतात, ते चिलखतांत व तोड्याच्या बंदुकांत. बाराच्या धक्क्याने खिळा सैल होतो, शिवाय दारूची काजळी काढण्यासाठी यंत्रणा वारंवार उघडावी लागते. या दोन्ही अडचणींवर स्क्रू हा उपाय होता. भारतीय तोड्याच्या बंदुकीत नळी दस्त्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असे, त्यामुळे तिच्यात स्क्रूंचे काम थोडेच. चकमकीच्या बंदुकीत मात्र घोडा, कमानी व त्यांना धरणारे भाग यांना प्रत्येकी स्क्रू लागे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी तयार झालेली व १७९७ पासून ब्रिटिश सैन्यानेही स्वीकारलेली ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक घेतली, तर तिची संपूर्ण चापयंत्रणा दस्त्यातून आरपार जाणाऱ्या दोन लांब स्क्रूंवर बसते. इंग्रज कारागीर यांना ‘साइड नेल’, म्हणजे बाजूचे खिळे म्हणत. स्क्रू आला तरी खिळ्याचे नाव सुटले नाही.

हे स्क्रू हाताने केलेले असत. आटे पाडण्याची पोलादी पट्टी ज्या त्या कारखान्याची वेगळी, म्हणून एका बंदुकीचा स्क्रू दुसरीत बसत नसे. कित्येकदा एकाच बंदुकीतील दोन स्क्रूही अदलाबदल करता येत नसत. कोणता स्क्रू कोणत्या भोकातील हे ओळखण्यासाठी कारागीर त्यावर कानशीने बारीक रेघा पाडीत किंवा ठिपके ठोकीत. हेन्‍री मॉड्‌स्ली यांचा आटे पाडणारा लेथ (सु. १८००) आणि जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेले ५५° कोनाचे प्रमाणित आटे यांनी ही स्थिती हळूहळू पालटली. १८५७ च्या उठावाशी जिचे नाव जोडले गेले ती १८५३ च्या नमुन्याची बंदूक एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन पद्धतीच्या यंत्रांवर होऊ लागली व तिचे भाग परस्परांत बदलता येऊ लागले. परंतु याच नमुन्याच्या पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅम व लंडन येथील कारागिरांनी हातानेही केल्या; त्यांच्या बाबतीत ही खात्री धरता येत नाही. म्हणूनच जुना स्क्रू टाकून नवा बसविणे दिसते तितके सोपे नाही आणि दुरुस्तीला महत्त्व येते.

माथ्याची हानी बहुतेक वेळा गंजामुळे नव्हे, तर अयोग्य पेचकसामुळे होते. सामान्य पेचकसाचे पाते पाचरीसारखे निमुळते असते. जोर लावताच ते खाचेतून वर सरकते व कडा फाडते. पाते समांतर बाजूंचे, खाचेच्या तळाशी टेकणारे आणि माथ्याच्या व्यासाहून रुंद नसलेले हवे. उत्तम इंग्रजी शिकारी बंदुकांच्या खाचा इतक्या अरुंद असतात, की त्यांसाठी पाते मुद्दाम घासून घ्यावे लागते.

दुरुस्ती : ठासणीची जुनी बंदूक कित्येकदा भरलेलीच सापडते, म्हणून प्रथम नळीत गज घालून तिची खोली काना असलेल्या जागेपर्यंत पोहोचते की नाही ते पाहतात. ही तपासणी झाल्याशिवाय जवळ उष्णता नेणे म्हणजे जिवाशी खेळ होय. अडकलेल्या स्क्रूवर पातळ तेल सोडून एकदोन दिवस थांबतात, पाते खाचेत धरून हलके ठोके देतात व मग पीळ देतात. मुख्य कमान चिमट्याने दाबून धरल्याशिवाय तिच्याशी संबंधित स्क्रू काढीत नाहीत.

वर उचललेली कड कानशीने उडवून टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यामुळे धातू कायमचा जातो, माथा खाली बसतो व त्यावरील नक्षी पुसली जाते. स्क्रू तांब्याच्या जबड्यांच्या शेगड्यात धरून, खाचेत पातळ पोलादी पट्टी ठेवून, गुळगुळीत तोंडाच्या लहान हातोडीने ती कड मूळ जागी परत दाबणे हीच खरी रीत. माथ्याचे पृष्ठ कठीण केलेले असल्यास तो तडकू नये म्हणून आधी अनुशीतन करतात. धातू तुटून गेलाच असेल, तर वितळजोडाने भर घालून माथा लेथवर गोल करतात व खाच नव्याने कापतात. उंची बंदुकांत स्क्रू पूर्ण आवळल्यावर खाचा नळीच्या रेषेत येतात. त्यामुळे स्क्रू जागी बसवून, रेषा आखून, मगच खाच कापावी लागते. शेवटी नक्षी उजळून, पॉलिश केलेला माथा सु. ३००° से. पर्यंत तापविला म्हणजे त्यावर ऑक्साइडाचा निळा थर येतो.

अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीत तो दिसला, तर नंतरची लुडबूड उघड होते. संग्रहालयातील वस्तूचा मूळ स्क्रू बदलावाच लागला, तर काढलेला स्क्रू भोकाची जागा लिहून वस्तूच्या नोंदीबरोबर ठेवतात.