रायपूर : स्थापना व प्रारंभिक इतिहास

रायपूर : छत्तीसगढ राज्याची राजधानी व जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. शिवनाथची उपनदी खारून हिच्या पूर्वेस, मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावर वसलेले हे शहर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनपूरच्या हैहय कलचुरी घराण्यात फूट पडल्यावर उदयास आले. शिवनाथच्या उत्तरेकडील १८ गढ थोरल्या पातीकडे राहिले. दक्षिणेकडील १८ गढांवर धाकट्या पातीने अंमल बसवला. खल्लारी हे या शाखेचे आधीचे ठाणे. राजा रामचंद्राने रायपूर वसवले, असे परंपरा सांगते. त्याचा मुलगा ब्रह्मदेव याच्या कारकिर्दीतील विक्रम संवत १४५८ (इ. स. १४०२) चा शिलालेख नायक हाजिराजाने हाटकेश्वराचे मंदिर बांधल्याची नोंद करतो. हे देवस्थान खारूनकाठी महादेवघाटावर आहे. खल्लारीच्या १४१५ च्या लेखात देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे मंदिर उभारल्याचा उल्लेख असून, त्यावरून तत्कालीन कारागिरांच्या ऐपतीची कल्पना येते.

येथील किल्ला भुवनेश्वरसिंह राजाने १४६० मध्ये बांधला, असे सांगतात. बुढा तलाव त्याच काळातला मानतात. हा तलाव, महाराजबंध आणि कंकाली तलाव यांच्या आसपास जुनी वस्ती वाढली. ‘पुरानी बस्ती’ हे नाव आजही त्या भागाला आहे.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये रतनपूर जिंकले. पुढे रायपूरची शाखाही सत्ताभ्रष्ट झाली. रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपूरहून कारभार पाहिला. त्यांच्या मृत्यूनंतर सुभेदारांची राजवट आली. १७९५ मध्ये येथून गेलेल्या कॅप्टन ब्लंटला रतनपुरात हजारेक झोपड्या आणि त्यांतल्या पुष्कळशा ओस दिसल्या. रायपुरात मात्र सुमारे ३,००० घरे, व्यापारी व सधन रहिवासी होते. खालचा भाग दगडी व वरचा मातीचा असलेल्या किल्ल्याच्या तटाचीही त्याने नोंद केली आहे.

अशा स्थितीत १८१८ मध्ये अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ब्रिटिशांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. अधीक्षक कर्नल अ‍ॅग्न्यू यांच्या काळात या बदलाचा पाया पक्का झाला. १८३० मध्ये भोसल्यांकडे परत गेलेला हा मुलूख १८५४ मध्ये नागपूर राज्यासह खालसा झाला. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी देण्यात आले.

नगरपालिका १८६७ मध्ये स्थापन झाली. १८८८ च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वे आली आणि धान्याच्या व्यापाराला चालना मिळाली. जबलपूरला १८८२ मध्ये सुरू झालेले राजकुमार कॉलेज १८९४ मध्ये येथे हलवण्यात आले. भोसलेकाळापासून स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती तात्यापारा भागात होती. हिंदी पत्रकारितेचे एक प्रवर्तक माधवराव सप्रे येथेच राहत. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले.