लोकसभेतला खानदेश

सोनगीरहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघालं, नरडाणा मागे पडलं आणि तापी ओलांडली, की जिल्हा तोच राहतो पण खासदार बदलतो. शिरपूर तालुका नंदुरबार मतदारसंघात. सोनगीर धुळ्यात, आणि त्या धुळ्याला मालेगाव-बागलाण जोडलेले, जे नाशिक जिल्ह्यातले.

ब्रिटिशांनी १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पश्चिमेचं मुख्य ठाणं धुळे. पहिल्या लोकसभेत ‘पश्चिम खानदेश’ हे जिल्ह्याचंच नाव मतदारसंघाला होतं. तिथून शालिग्राम भारतीय दिल्लीला गेले, आदिवासींच्या राखीव जागेवरून जयंतराव नटावदकर.

१९५७ ची निवडणूक वेगळी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेसच्या जागा कोसळत होत्या. धुळ्याची जागा आता स्वतःच्या नावाची, आणि तिथून जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले. जनसंघाला साऱ्या देशात चारच जागा मिळाल्या होत्या. एक बलरामपूरची, वाजपेयींची, आणि एक ही आपल्या धुळ्याची! ‘पश्चिम खानदेश’ हे नाव राखीव जागेपुरतं उरलं, तिथे लक्ष्मण वेडू वळवी आले. पूर्व खानदेशातून मुंबईचे नौशेर भरुचा जिंकले. १९६२ मध्ये राखीव जागा नंदुरबारच्या नावावर गेली. तेव्हापासून लोकसभेच्या यादीत ‘खानदेश’ नाही.

मतदारसंघ पुसले जाणं इतरत्रही घडलं. आयर्लंडमध्ये १८०१ साली कितीतरी छोट्या नगरांचे मतदारसंघ बंद झाले, तेव्हा ते मुठीत ठेवणाऱ्या जमीनदारांना दर मतदारसंघामागे पंधरा हजार पौंड भरपाई मिळाली. मतदाराला काहीच नाही. आपल्याकडे मतदारसंघ कुणाच्या मालकीचा नव्हता, हे केवढं मोठं! पण नाव पुसलं जातं तेव्हा मतदाराला कुणी विचारत नाही, ते इथेही तसंच. परिसीमन आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हानही देता येत नसे. २००८ च्या फेररचनेत एरंडोल असंच गेलं आणि रावेर आलं.

त्याच फेररचनेने मालेगाव-बागलाण धुळ्याला जोडले. जिल्ह्याच्या नकाशावर हे विचित्र दिसतं. पण १८६९ साली नाशिक जिल्हा झाला, तेव्हा हे तालुके खानदेशातूनच काढले होते. बागलाणात आजही अहिराणी बोलतात. आयोगाने लोकसंख्येचा हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात जुन्या खानदेशचा नैर्ऋत्य कोपरा सोनगीरच्या मतदारसंघात परत आला.