पेयजलातील फ्लोराइड : परीक्षण व मर्यादा

भूगर्भातील पाषाणांतून विरघळून विहिरींच्या, विशेषतः खोल विंधणविहिरींच्या, पाण्यात उतरणारे आणि रंग, वास वा चव यांपैकी कशानेही आपली वर्दी न देणारे रसायन. फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, अभ्रक यांसारखी खनिजे ज्या खडकांत असतात तेथे पाणी दीर्घकाळ मुरून राहिले, आणि फ्लोराइडला बांधून तळाशी बसविणारे कॅल्शियम त्यात अल्प असले, म्हणजे फ्लोराइडचे प्रमाण वाढते. भारतात यापासून होणाऱ्या अस्थिविकाराची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात झाली; महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावे या दोषाने ग्रस्त आहेत.

अल्प मात्रेत फ्लोराइड दात किडण्यास आळा घालते. मात्रा वाढली, की दात घडत असण्याच्या वयातील मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे वा तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्यांचे सांधे व कणा ताठरतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) अन्वये लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा असून, अन्य जलस्रोत नसेल तेथेच १.५ मिलिग्रॅमची सवलत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा निर्देशही १.५ चाच, परंतु स्थानिक हवामान व पाणी पिण्याचे मान पाहून तो ठरवावा, अशी पुस्ती तिने जोडली आहे. ही पुस्ती मूळ आकड्याइतकीच मोलाची होय. कारण वैशाखाच्या उन्हात राबणारा शेतमजूर कचेरीतील कारकुनाच्या कितीतरी पट पाणी पितो, आणि मर्यादा मात्र दोघांना एकच लागू होते.

परीक्षणासाठी नमुना काचेऐवजी पॉलिथिनच्या बाटलीत घेतात, कारण फ्लोराइड काचेशी संयोग पावते. प्रयोगशाळेत झिर्कोनियम व स्पॅडन्स हे रंजकद्रव्य यांचे तांबडे द्रावण नमुन्यात मिसळले असता फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढते व रंग फिका पडतो. किती फिका, हे ज्ञात द्रावणांशी ताडून प्रमाण काढतात. ॲल्युमिनियम वा शेष क्लोरीन असल्यास हा हिशेब चुकतो, सबब काटेकोर कामी फ्लोराइड मोजणाऱ्या विद्युतअग्राचा (इलेक्ट्रोडचा) उपयोग करतात.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना घालून ते गाळाबरोबर खाली बसवितात. मात्र तुरटीतील ॲल्युमिनियम पाण्यात उरू शकत असल्याने शुद्ध केलेल्या पाण्याची त्यासाठीही तपासणी करावी लागते, व त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम इतकी कडक आहे.