काशीचे घाट आणि नगराची तिजोरी : बांधणी व देखभाल यांचा प्रश्न

काशीच्या घाटांचा इतिहास मराठी वाचकाला मुख्यतः दानधर्माचा इतिहास म्हणून परिचित आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली पूर्ण केलेले विश्वनाथ मंदिर, १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला शिंदे घाट, पेशव्यांचे आणि नागपूरकर भोसल्यांचे घाट ही त्याची ठळक उदाहरणे होत. हाच इतिहास सार्वजनिक वित्तव्यवस्थेच्या अंगाने पाहिला असता, कोणी बांधले याइतकाच कोणी व कोणत्या उत्पन्नातून राखले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाच्या आधारे काशीतील स्थानिक स्वराज्याची वाटचाल तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

होळकरशाहीत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे उत्पन्नाचे दोन स्वतंत्र विभाग होते. अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतून चाले. त्यामुळे वास्तू उभारणे आणि तिच्या पूजाअर्चेची सोय लावणे ही दोन्ही कामे एकाच तिजोरीवर अवलंबून राहिली. या व्यवस्थेला अर्थातच मर्यादा होत्या. शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि त्याची पुनर्बांधणी होण्यास विसावे शतक उजाडले. शिवाय घाट बांधण्यात पुण्य होते. गटार बांधण्यात ते कोणी मानले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जेम्स प्रिन्सेप यांनी शहराच्या पोटातून काढलेला भुयारी नाला हे कंपनी सरकारच्या अमदानीतील काम होते, दानाचे नव्हे.

१८६० नंतरच्या दशकात काशीत नगरपालिका स्थापन झाली. वायव्य प्रांतातील इतर नगरपालिकांप्रमाणे तिचाही मुख्य आधार शहरात येणाऱ्या मालावरील चुंगी, म्हणजे आपल्याकडील जकात, हा होता. लॉर्ड मेयो यांच्या १८७० च्या ठरावाने वित्तीय विकेंद्रीकरणाची, तर लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने लोकनियुक्त कारभाराची दिशा आखून दिली. १८९२ साली भेलूपूर येथील जलकल सुरू झाले. पाणी नळाने घरात आले की सांडपाणीही वाढते. ते वाहून नेण्याचा खर्च मात्र कायमचा असतो, हे पुढील शतकाने दाखवून दिले.

स्वातंत्र्योत्तर काळात नगराचा दर्जा वाढला, अधिकार मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. १९५९ च्या कायद्याने काशीत महापालिका आली. परंतु १९७५ च्या राज्य कायद्याने पाणीपुरवठा व मलनिःसारण ही कामे जल निगम आणि जल संस्थान या स्वतंत्र यंत्रणांकडे गेली. १९९० साली उत्तर प्रदेशात चुंगी रद्द झाली आणि नगराच्या हातचे हक्काचे उत्पन्न गेले. त्याची जागा राज्याच्या अनुदानाने घेतली. महाराष्ट्रातही जकात, तिच्यानंतरचा स्थानिक संस्था कर आणि २०१७ पासूनचे भरपाई अनुदान हा क्रम थोड्याफार फरकाने असाच आहे.

या पार्श्वभूमीवर १९८६ साली काशीतच आरंभ झालेली गंगा कृती योजना पाहावी. दीनापूर येथील प्रतिदिन ८ कोटी लिटर क्षमतेचा मलशुद्धीकरण प्रकल्प केंद्राच्या पैशातून उभा राहिला. तो चालविण्याचे ओझे राज्य व स्थानिक यंत्रणांवर आले. वीज खंडित झाली की पंप बंद पडत आणि मैला नदीत जाई. बांधणारा हात आणि राखणारा हात वेगळे झाल्याचा हा परिणाम होता.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्य वित्त आयोगाची तरतूद केली व बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदविले. मात्र ते सोपविणे राज्याच्या इच्छेवर ठेवले. त्याचा प्रत्यय काशीत लवकरच आला. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयातील जलशास्त्राचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी, विजेवर कमीत कमी अवलंबून राहणारी तलावपद्धतीची पर्यायी योजना मांडली होती. १९९७ साली निर्वाचित नगर निगमाने तिला पसंती दिली. राज्याच्या यंत्रणेने ती स्वीकारली नाही. निर्णयाचा अधिकार कागदावर मिळाला, त्यामागे तिजोरी नव्हती.

अलीकडे या उणिवेची दखल घेतली गेली आहे. नमामि गंगे कार्यक्रमात रमना येथील प्रकल्पाच्या करारात (२०१७) बांधकामासोबत १५ वर्षांच्या देखभालीचाही समावेश आहे. देखभाल हा मूळ खर्चाचाच भाग आहे, हे तत्त्व येथे पुन्हा मान्य झाले. तथापि ही तरतूद दिल्लीतून झालेली आहे, नगराच्या उत्पन्नातून नव्हे. मुदत संपल्यावर हा खर्च कोणी उचलावयाचा, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. खासगीच्या व्यवस्थेत नागरिकाला हिशेब विचारण्याचा अधिकार नव्हता. आज तो अधिकार आहे. पण ज्या नगर निगमाला तो हिशेब विचारणार, त्याच्या हाती पुरेसा पैसा नाही. काशीतील विकेंद्रीकरणाचे अपुरेपण नेमके येथे आहे.